रिकामं केलेलं घर सुरक्षित होत नाही

४ ऑगस्ट २०२४, रविवारची सकाळ. मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातलं शाहपूर गाव. श्रावणानिमित्त मंदिरापाशी गावातली मुलं मातीची शिवलिंगं घडवायला बसली होती. पावसाची झड लागलेली होती. शेजारी एक जुनं, मोडकळीला आलेलं घर होतं. त्याची भिंत मुलांच्या अंगावर आली आणि नऊ मुलं गेली. बहुतेक दहा ते पंधरा वर्षांची. आदल्याच दिवशी त्याच राज्यातल्या रीवा जिल्ह्यात शाळा सुटून घरी निघालेली चार लहान मुलं अशाच एका पडक्या घराच्या भिंतीखाली गाडली गेली होती. सागरच्या घटनेनंतर जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हटवले गेले. त्या घराची अवस्था मात्र गावाला कितीतरी आधीपासून दिसत होती.

या मुलांनी कसलंही धाडस केलेलं नव्हतं. ती रस्त्यानं चालली होती, पूजेला बसली होती. मग जी मुलं मुद्दाम असल्या घरात शिरतात, मागच्या खिंडारातून आत घुसतात, मित्राच्या खांद्यावर पाय देऊन माडीवर चढतात, त्यांच्या जिवाचं काय? तेरा ते अठरा वर्षांच्या पोरांना मोकळी घरं खुणावतात, हे प्रत्येक गावाला आणि प्रत्येक पेठेला ठाऊक आहे. त्यावर करायचं काय, हे मात्र ना पालिकेच्या कागदात दिसतं, ना घरमालकाच्या बोलण्यात. सगळा भर राहत्या माणसांना बाहेर काढण्यावर असतो. माणसं बाहेर पडली, दाराला कुलूप लागलं, ‘धोकादायक इमारत’ असा फलक टांगला, की फाइल थंड होते. पोरांसाठी धोका सुरू होतो तो त्या दिवशी.

मुंबईतच पाहा. जुन्या इमारतींसाठी एवढी मोठी यंत्रणा राज्यात दुसरीकडे नाही. १९६९ च्या कायद्यानं उपकर घेऊन इमारती दुरुस्त करण्याची पद्धत आली, तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. आज दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते, महापालिका आपली वेगळी यादी काढते. वर्गवारीही ठरलेली आहे: सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, तातडीनं रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस बजावली जाते, वेळ आलीच तर वीज-पाणी तोडलं जातं. ही यंत्रणा बिनकामाची आहे असं कुणी म्हणू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं दगावली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून तेरा-चौदा जीव गेले. राहत्या इमारती वेळेत रिकाम्या करणं हे जीव वाचवणारंच काम आहे.

पण या वर्गवारीत एक खाना नाही. रिकामी झाली, पण पाडली गेली नाही, अशा इमारतीचा. कागदावर ती पाडायच्या रांगेत असते. प्रत्यक्षात ती पाच वर्षं, दहा वर्षं, कधी एक अख्खी पिढी तशीच उभी असते. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलत्पट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले, तिचं घ्या. २००५ मध्ये तिचा सज्जा कोसळून एकाचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. पाडायची की जपायची हा वाद मात्र त्यानंतरही रेंगाळत राहिला. एवढ्या नामांकित वास्तूची ही गत, तर बोळातल्या बिननावाच्या वाड्याची काय असेल?

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण पेठांत, नाशिकच्या जुन्या गावठाणात, वाईत, साताऱ्यात हे वाडे उभे आहेत. ते रिकामे का पडले याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी जवळपास गोठवली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तोवर दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या कितीतरी पट होऊन बसला होता. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. पुढे भाडेकरू उपनगरात गेले, हिस्सेदारांची संख्या वाढत गेली, दावा कोर्टात पडला. ‘केस चालू आहे’ हे तीन शब्द सांगून सगळे मोकळे होतात. कोकणातलं कारण वेगळं. तिथे घर बांधणारा मुंबईला गेला, मुलं तिथेच वाढली, गणपतीपुरतं उघडणारं घर हळूहळू तेवढंही उघडेनासं झालं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे सगळ्या मुलांचा वारसाहक्क असल्यामुळे लिस्बन, लंडन, मुंबई अशा तीन ठिकाणच्या वारसांच्या सह्या जमेपर्यंत छपराची कौलं खाली येतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. त्यांत गुंतवणूक म्हणून घेतलेले नवे फ्लॅट पुष्कळ, हे खरं. पण पडकी, जुनी घरंही त्यातच मोजलेली. गावातल्या पोरांना त्यांचा पत्ता जनगणनेच्या आधीपासून माहीत असतो.

आत गेल्यावर नेमकं काय होतं, याकडे नीट पाहायला हवं. मोठी माणसं मुलांना ‘तिथे जाऊ नकोस, पडशील’ एवढंच सांगतात. कसं पडशील, हे सांगत नाहीत.

जुन्या वाड्याचं जोतं दगडी, सांगाडा लाकडी. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर ओळीनं कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा जाड थर. हा झाला कडीपाट, म्हणजेच वरच्या मजल्याची जमीन. प्रत्येक कडीचं टोक भिंतीत घुसवलेलं असतं. छपराची दोन कौलं सरकली की पावसाचं पाणी भिंतीच्या माथ्यातून आत मुरतं आणि नेमकं त्या टोकापाशी साचून राहतं. भिंत आतून पांढऱ्या मातीची, दमट. वाळवीला याहून सोयीची जागा नाही. कडीचा मधला भाग वर्षानुवर्षं खणखणीत राहतो. बोटानं वाजवून पाहिला तरी सागवान सागवानच वाटतं. टोक मात्र भिंतीच्या आत भुसा झालेलं असतं, आणि ते कुणालाच दिसत नाही. वाळवी लाकडाची वरची साल शाबूत ठेवते, त्यामुळे उघड्यावरचा खांबसुद्धा बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ असू शकतो.

आता पाच मुलं माडीवर चढली आहेत असं समजा. जमीन कोरडी, सपाट, भक्कम दिसते. एकेक जण चालत गेला तर कदाचित काहीच होणार नाही, आणि तोच अनुभव त्यांना फसवतो. मग सगळे जण झरोक्यापाशी एकत्र येतात, कारण तिथे उजेड चांगला आणि फोटो छान येतो. पाच जणांचं मिळून दोन-अडीचशे किलो वजन दोन कड्यांवर येतं. वजन मधे पडलं तरी भार टोकांवर जातो. टोक निसटलं की कडी तुटत नाही, अख्खीच खाली येते. तिच्यासोबत पाट, माती आणि पोरं. जमीन आधी कुरकुरेल आणि मग आपण बाजूला होऊ, हा भरवसा धरण्यात अर्थ नाही. आणि खाली काय असतं? चौकातले दगड, आधीच पडलेल्या कौलांचे धारदार तुकडे, खिळे वर आलेल्या फळ्या.

सज्जा आणि जिना याहून वाईट. सज्ज्याला एकाच बाजूनं आधार असतो. जिन्याच्या पायऱ्या चढताना टिकतात आणि धावत उतरताना निखळतात. साठ-सत्तर वर्षांच्या सिमेंटच्या इमारतींची तऱ्हा निराळी. तिथे लोखंडी सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटला आतून फाडते. मग छताचे पोपडे सुटतात, कधी पोपडा, तर कधी अख्खा स्लॅब. पुनर्विकास अर्धवट राहिलेल्या इमारतीत लिफ्टचा खड्डा उघडा असतो आणि पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. वर कचरा तरंगत असल्यानं ती जमीनच वाटते. भंगारवाल्यांनी वायरी उपटून नेलेल्या असतात, पण शेजारून चोरून घेतलेली एखादी वायर जिवंत असू शकते.

भिंतींचंही तेच. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांबद्दल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक घराखाली गाडली जाऊन. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती म्हणजे दगडांचे दोन वेगवेगळे पदर आणि मधे मातीचा भरणा. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. वर माळवदाची माती, दरवर्षी एक थर चढवत वाढलेली. त्या भिंती हादऱ्यानं पदर सुटून आडव्या झाल्या. तसल्याच बांधणीची घरं आजही अनेक गावांत ओस पडली आहेत. त्यांना भूकंप लागत नाही. दोन पावसाळे गिलाव्याशिवाय काढले की मधली माती वाहून जाते, आणि मग भिंतीवर चढणाऱ्या एका पोराचं वजनही पुरतं.

सगळ्यात फसवी गोष्ट जमिनीखाली असते. जुन्या घरांत धान्याची पेवं असत. सोलापूर, मराठवाड्याकडच्या जुन्या माणसांना माहीत आहे की पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नसतं. आधी ते वारं खाऊ द्यायचं, कंदील सोडून पाहायचा, विझला तर थांबायचं. बंद जागेत प्राणवायू संपतो, जड वायू तळाशी साचतो, त्याला वास नसतो. वापरात नसलेल्या आडाचं, विहिरीचं तसंच. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. विहीर पडीकच, बायोगॅसच्या शेणकाल्यासाठी वापरलेली. मांजराला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले आणि पाच गेले. वाचला तो एक, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. ही जाणती, शेतात राबणारी माणसं होती. पंधरा वर्षांच्या मुलाचा मित्र खाली निपचित पडलेला दिसला, तर वरचे तिघे काय करतील, हे वेगळं सांगायला नको.

सापाविंचवाची भीती मुलांना असते, पण चुकीच्या जागी. फणा काढलेला नाग दिसतो तरी. कोकणातलं फुरसं चिऱ्यांच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जातं. मण्यार रात्री फिरते आणि तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की काही चावलं असंही वाटत नाही. पडक्या भिंतीच्या कपारीतला लाल विंचू हृदयावर घाला घालतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावरच्या उपचाराची दिशा शोधून काढली, त्यामुळे आज वेळेत पोचलेला रुग्ण वाचतो. वेळेत पोचलेला, हे महत्त्वाचं. बंद घरात चोरून गेलेला मुलगा घरी येऊन सांगतच नाही. खरचटलं म्हणतो, पोट दुखतंय म्हणतो, झोपून राहतो. बोलणी बसतील या धाकानं मोलाचे तास निघून जातात. पालकांनी मुलांना एक शब्द द्यायला हवा, आणि तो पाळायला हवा: कुठेही गेला असलास तरी आधी सांग, रागवायचं काय ते आम्ही नंतर पाहू.

रिकामी जागा खरोखर रिकामी असते, हाही एक गैरसमज. महालक्ष्मीची शक्ती मिल बंद पडून अनेक वर्षं झाली होती. पडके शेड, वाढलेलं रान, तुटलेली भिंत, आणि मुंबईच्या मधोमध कुणाचंच लक्ष नसलेली मोठी मोकळी जागा. २२ ऑगस्ट २०१३ च्या संध्याकाळी तिथे छायाचित्रं काढायला सहकाऱ्याबरोबर गेलेल्या एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. तपासात उघड झालं की त्याच आवारात महिनाभरापूर्वी, जुलैच्या अखेरीस, अठरा वर्षांच्या आणखी एका मुलीवर तसाच अत्याचार झाला होता. आरोपींमध्ये अल्पवयीनही होते. त्या प्रकरणातले गुन्हेगार ते गुन्हेगार, त्यांचा दोष कुठल्या भिंतीवर ढकलता येणार नाही. पण ती जागा वर्षानुवर्षं तशी उघडी सोडली गेली, आणि तिथे कोण येतं-जातं याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, हेही तितकंच खरं. पडक्या जागी व्यसनं येतात, लपायला जागा शोधणारे येतात. फक्त गंमत म्हणून शिरलेला मुलगा किंवा मुलगी नेमकी त्यांच्या तावडीत सापडते.

तरीही पोरं जातात. का जातात, हे समजून न घेता त्यांना नुसतं दटावणं निरुपयोगी आहे.

फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाचे लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ: सिग्नल पिवळा झाला, थांबायचं की पुढे दामटायचं? १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढचे प्रौढ असे तीन गट. काहींनी एकट्यानं खेळायचं, काहींनी दोन मित्र बाजूला असताना. प्रौढांच्या खेळात मित्रांमुळे फरक पडला नाही. किशोरवयीन मुलं मात्र मित्र बघत असले की खूप जास्त धोका पत्करू लागली. पडक्या वाड्यापुढे उभ्या असलेल्या टोळक्याचंही असंच असतं. त्यांतल्या प्रत्येकाला एकट्याला विचारा, तो आत जाणार नाही. चौघं मिळून जातात. त्यात हातात मोबाइल असला की बघणारे चार राहत नाहीत, चारशे होतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०११ ते २०१७ या काळात सेल्फी काढताना जगभरात २५९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले १५९ भारतात.

दुसरं कारण कुणी फारसं बोलत नाही. अडीचशे-तीनशे चौरस फुटांच्या घरात आजी-आजोबा, आईबाबा, धाकटी भावंडं राहतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्राशी मनातलं बोलायला कोपरा कुठे आहे? मैदानावर वाहनतळ झाला, बागेत सातनंतर शिट्टी वाजते, मॉलमध्ये पैसे लागतात. गावातलं मोकळं घर ही त्याच्या वाट्याची एकमेव खोली होऊन बसते. मुलींना तर तेवढंही मोकळेपण परवडत नाही. पण ओढ त्यांनाही तितकीच असते आणि आता त्याही जातात.

आणि साहसाचं म्हणाल तर ते मराठी घरांनीच वाढवलेलं आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर इथल्या पिढ्या पोसल्या. जिथे काही खटकतं तिथे शिरून पाहणारा पोरगा आपल्याला आवडतो, आणि आवडायलाच हवा. घाबरट पिढी घडवून कुणाचंच भलं होणार नाही. म्हणूनच मोठ्यांनी भुताच्या गोष्टी सांगून मुलांना दूर ठेवण्याचा जुना उपाय आता सोडून द्यायला हवा. पूर्वी ‘तिथे हडळ आहे’ म्हटलं की लहान मुलं जात नसत. आज तेच वाक्य चौदा वर्षांच्या मुलाला निमंत्रण वाटतं. भूतबंगला असा बोलबाला झाला की दुसऱ्या गावातून पोरं रात्री कॅमेरा घेऊन येतात. गुप्तधनाच्या अफवेनं आणखी घात होतो. वाड्याच्या पायाशी हंडा आहे असं कुणीतरी म्हणतं, आणि रात्री चार जण नेमकी तीच भिंत खणत बसतात जिच्यावर माडी तोललेली आहे. भुतांऐवजी मुलांना कडीचं कुजलेलं टोक दाखवावं. त्यांना ते कळतं. पदार्थविज्ञानाच्या तासाला भार आणि आधार शिकवताना पुस्तकातल्या तरफेऐवजी गावातल्या वाड्याचं चित्र फळ्यावर काढलं, तर तो धडा कुणी विसरणार नाही.

पण सगळा बोजा मुलांच्या शहाणपणावर टाकणं अन्यायाचं आहे. घर ज्याचं, त्याची जबाबदारी काय?

कायद्यात तिची पाळंमुळं आहेत. दिल्लीच्या चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा ऐंशी वर्षांचा, आणि त्याच्या चुन्याचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. एवढ्या जुन्या बांधकामाची तपासणी करणं मालकाचं कर्तव्यच होतं, असं न्यायालयानं म्हटलं. त्याआधी १९६३ मध्ये बिहारमधल्या एका खटल्यात, लोकांना दूर ठेवण्यासाठी शौचालयाभोवती विजेची उघडी तार लावणाऱ्या मालकाची शिक्षा कायम करताना न्यायालयानं स्पष्ट केलं होतं की विनापरवाना शिरलेल्या माणसाच्याही जिवाला किंमत असते. इंग्लंडमध्ये १९६५ साली एक सहा वर्षांचा मुलगा तुटलेल्या कुंपणातून रेल्वेमार्गावर गेला आणि विजेच्या रुळानं होरपळला. कुंपण तुटलंय हे रेल्वेला ठाऊक होतं. १९७२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं रेल्वेला दोषी धरलं आणि १९८४ मध्ये विनापरवाना शिरणाऱ्यांबाबतच्या कर्तव्याचा स्वतंत्र कायदा झाला.

आपल्याकडे फौजदारी तरतूद तोकडी आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम २८८ इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या हलगर्जीबद्दल बोलत होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९० त्यात बांधतानाची हलगर्जीही धरतं. म्हणजे जो घराला हात लावतो तो कचाट्यात येतो. जो वीस वर्षं हातच लावत नाही, तो सहज निसटतो. ही फट बुजवली पाहिजे.

बोअरवेलच्या बाबतीत आपण हे करून दाखवलेलं आहे. २००६ मध्ये हरियाणात एक लहान मुलगा बोअरवेलमध्ये पडला आणि सगळा देश दूरचित्रवाणीसमोर बसला. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले: बोअर घेण्याआधी कळवायचं, भोवती कुंपण आणि सिमेंटचा कट्टा बांधायचा, तोंडाला लोखंडी झाकण ठोकायचं, सोडून दिलेला बोअर माती-दगडांनी वरपर्यंत भरायचा आणि त्याची नोंद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवायची. अंमलबजावणी अजून लंगडी आहे, मुलं अजूनही पडतात. पण ‘सोडून दिलेली जागा बंद केल्याशिवाय काम पूर्ण होत नाही’ हे तत्त्व तरी ठरलं. सोडून दिलेल्या घराला ते का लागू नाही?

खर्च फार नाही. तळमजल्याची दारं-खिडक्या विटांनी चिणून घेणं, हे दोन गवंड्यांचं काही दिवसांचं काम आहे. कुलूप पोरं एका दगडात तोडतात, भिंत तोडत नाहीत. माडीच्या जिन्याच्या खालच्या सात-आठ पायऱ्या काढून टाकता येतात. आडावर, पेवावर, लिफ्टच्या खड्ड्यावर जाळी ठोकता येते. वीज मीटरपासून नव्हे, खांबापासून तोडून घेता येते. वारसा म्हणून जपायच्या वास्तूला यांतल्या कशानंच इजा होत नाही. पुढे दुरुस्ती करायची झाली तर चिणलेल्या विटा काढता येतात. मालकांत वाद असतील तर पालिकेनं हे करावं आणि खर्च मिळकतकराच्या थकबाकीत चढवावा. यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायचीही गरज नाही. धोकादायक बांधकामाभोवती जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या संरक्षणासाठी पुरेसं कुंपण घालायला लावण्याचा अधिकार मुंबईच्या कलम ३५४ मध्येच आहे, आणि इतर महापालिकांच्या कायद्यात कलम २६४ आहे. ग्रामपंचायतीची अडचण खरी आहे, तिच्याकडे अभियंता नाही. पण गावातली पाच-सात ओस घरं कोणती, हे ठरवायला अभियंता लागत नाही.

साहसाची भूक भागवायलाही महाराष्ट्रात जागा आहेत. मुलुंडच्या चक्रम हायकर्ससारख्या किंवा पुण्याच्या गिरिप्रेमीसारख्या संस्था पोरांना दोर बांधायला, गाठ तपासायला, एकानं चढताना दुसऱ्यानं त्याला सांभाळायला शिकवतात. राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात सुरक्षेचे नियम आहेत. एका शाळेनं वर्षातून एक असं शिबिर घेतलं, तरी त्या वर्गातल्या पोरांना धोका कसा जोखायचा याचं भान येतं. जुन्या वास्तूंचंच आकर्षण असेल तर पुण्याचा विश्रामबाग वाडा आहे, वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथे नुसती रांगेत सहल नेऊ नये. कडीपाट, तळघर, भिंतीतली बळदं जाणकाराबरोबर हात लावून पाहू द्यावीत. ज्या मुलाला वाडा कसा उभा राहतो हे कळलं, त्याला तो कसा पडतो हे सांगणं सोपं जातं.

एक बदल तर ताबडतोब करता येईल. धोकादायक इमारतींची पाहणी आपण पावसाळापूर्व म्हणून करतो आणि यादी बहुतेक वेळा मे महिन्याच्या आसपास बाहेर येते. राहत्या माणसांसाठी ते वेळापत्रक ठीक आहे. मुलांचा मोसम मात्र त्याआधीच सुरू होतो: दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, इतर वर्गांची एप्रिलमध्ये, आणि मग जूनच्या मध्यापर्यंत दुपारभर मोकळी पोरं गावभर फिरतात. म्हणून रिकाम्या घरांची यादी वेगळी हवी, ती मार्चच्या अखेरीपर्यंत हवी, आणि तिच्यात इमारतीच्या नावापुढे तीन रकाने हवेत: किल्ली कुणाकडे आहे, तळमजला कोणत्या तारखेला चिणला, आड-पेव झाकलं की नाही. त्या यादीची एक प्रत वॉर्ड ऑफिसात, एक पोलीस चौकीत आणि एक जवळच्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या फलकावर लावावी, सुट्टी लागण्याच्या आधी.